नाईक यशवंत घाडगे आणि वऱ्हाडच्या सैनिकी इतिहासाची साधने

१

युद्धाच्या इतिहासात सेनापतीचे नाव सहज सापडते, पलटणीचा क्रमांक थोड्या श्रमाने सापडतो; त्या पलटणीतील साध्या शिपायाचे नाव सापडण्यास मात्र बहुधा योगायोगाची जोड लागते. एखाद्या जिल्ह्याचा वा गावाचा इतिहास लिहिणाऱ्यास ही अडचण पदोपदी जाणवते. गावातून किती माणसे लढाईवर गेली याचा आकडा मिळतो. ती कोण होती, कोठे लढली आणि त्यांचे पुढे काय झाले, हे विचारू लागताच साधने मूक होतात. ती मूक का होतात आणि त्यांना बोलते कसे करता येईल, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. त्यासाठी ज्याची नोंद निश्चित आहे अशा एका मराठी तरुण पायदळ सैनिकाचे उदाहरण घेतले आहे. तो सैनिक वऱ्हाडातील नाही, कोकणातील आहे. परंतु त्याच्या नोंदीवरून जी पद्धती निष्पन्न होते, तिची खरी गरज वऱ्हाडासारख्या प्रांतालाच आहे.

वऱ्हाडाचे सैन्याशी असलेले नाते मुळातच काहीसे विलक्षण आहे. १८५३ साली हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची तरतूद म्हणून. म्हणजे वऱ्हाडच्या जमीनमहसुलाचा आणि फौजेचा संबंध प्रांताच्या नव्या राजवटीच्या पायातच होता. अचलपुराजवळ परतवाड्यास त्या फौजेची छावणी होती. पुढे १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाल्यावर तिच्यातील एका पलटणीस ‘९६ वी बेरार इन्फन्ट्री’ असे नाव मिळाले. १९२२ च्या पुनर्रचनेत ती १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊं रेजिमेंट असे ठेवण्यात आले, आणि तरीही ‘बेरार’ हे उपपद त्या पलटणीस चिकटून राहिले. मात्र या पलटणीत वऱ्हाडी माणूस शोधू जाणे व्यर्थ होय. तिची भरती मुख्यतः रजपूत, जाट, अहीर, दख्खनी मुसलमान व नंतर कुमाऊंनी यांची होती. प्रांताचे नाव पलटणीला लाभले, प्रांताच्या माणसांची नावे मात्र तिच्या हजेरीपटावर चढली नाहीत.

उलट बाजूने पाहिले तर मराठ्यांच्या म्हणून ज्या पलटणी होत्या, त्यांची भरती परंपरेने कोकण आणि देश या दोन भागांतून होत असे. सैन्यभरतीच्या अधिकाऱ्यांनी मराठ्यांचे ‘कोकणी’ व ‘दख्खनी’ असे दोन वर्ग मानले होते आणि त्यांच्यासाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तकेही या विभागणीस अनुसरूनच रचलेली होती. वऱ्हाडचा कुणबी या नकाशाच्या कडेवर राहिला. यास आर्थिक कारणही होते. कोकणात जमीन थोडी व पीक तुटपुंजे. तेथील तरुणास मुंबईची गिरणी किंवा पलटण असे दोन मार्ग उघडे होते. वऱ्हाडात काळी जमीन व कापूस होता. १८६७ साली मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि त्यावरील बडनेरा हे स्थानक अमरावतीस जोडणाऱ्या फाट्याचे जंक्शन बनले. त्यानंतर या परिसरात सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. ज्या गावातून कापूस बाहेर जात होता, त्या गावातील तरुणास पोटासाठी बाहेर जाण्याची निकड कोकणातल्याइतकी नव्हती.

महायुद्धांनी हा नकाशा बदलला. भरतीची गरज वाढली तेव्हा ‘लढाऊ’ आणि ‘बिगर लढाऊ’ जाती हा भेद राज्यकर्त्यांना सोयीनुसार सैल करावा लागला. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद करण्यात आली होती आणि तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांसारख्या पुढाऱ्यांनी अर्ज केले होते. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभारण्यात आली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण १९४२ मध्ये नागपूरजवळ कामठीस उभारली गेली. त्यामुळे वऱ्हाडातून सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणास बडनेऱ्याहून दोन दिशा होत्या : पूर्वेस वर्धा-नागपूरवरून कामठी, आणि पश्चिमेस अकोला-भुसावळवरून मुंबई, म्हणजे समुद्रापलीकडील रणक्षेत्राचा दरवाजा.

२

१९३९ साली सुमारे दोन लाखांच्या आत असलेले हिंदुस्थानी सैन्य १९४५ पर्यंत सुमारे पंचवीस लाखांवर गेले. या प्रचंड समूहातून एका पायदळ सैनिकाची नोंद वेगळी काढून पाहावयाची आहे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगावच्या परिसरात पळसगाव येथे झाला. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. ‘नाईक’ हा हुद्दा येथे लक्षात घेण्याजोगा आहे. शिवकालीन पायदळाच्या रचनेत नऊ-दहा पाइकांवर एक नाईक व पाच नाइकांवर एक हवालदार अशी उतरंड असे. कंपनी सरकारच्या फौजेने ही देशी नावे उचलली, आणि विसाव्या शतकातील पायदळाच्या तुकडीचा नायकही जवळजवळ तेवढ्याच माणसांचा ‘नाईक’ राहिला. म्हणजे घाडगे यांच्या हाताखाली हजारोंची फौज नव्हती. ज्यांना तो नावाने, आवाजाने आणि चालण्यावरून ओळखतो अशा मूठभर माणसांचा प्रमुख, इतकाच या हुद्द्याचा अर्थ होता.

त्यांच्या पलटणीचा पूर्ववृत्तांतही थोडक्यात पाहिला पाहिजे. १९२२ पूर्वी ही पलटण ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री या नावाने ओळखली जाई. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये होती आणि कूत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चाललेल्या वेढ्यात सापडली. अन्न संपल्यावर जनरल टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली आणि त्यांतील फार मोठी संख्या वाळवंटातील वाटचालीत व कैदेत मरण पावली. दुसऱ्या महायुद्धात याच पलटणीने १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरात झुंज दिली. त्या वेळी तिचे नेतृत्व डेनिस रीड यांच्याकडे होते. १९४४ मध्ये इटलीत ज्या दहाव्या हिंदुस्थानी डिव्हिजनमध्ये ही पलटण लढत होती, तिचे सेनापती तेच रीड होते.

४ जून १९४४ रोजी रोम दोस्तांच्या हाती आले. जर्मन सैन्य उत्तरेकडील गॉथिक रेषेच्या आश्रयास जाण्यासाठी मागे सरू लागले. परंतु ते सरळ पळत नव्हते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील प्रत्येक टेकडी, प्रत्येक दगडी घर आणि प्रत्येक वळण यांवर यंत्रबंदुका मांडून ते पाठलाग करणाऱ्यांचा वेग तोडीत होते. असल्या लढाईत मोठे डावपेच थोडे असतात. एकेका कंपनीने एकेक टेकडी घ्यावयाची असते आणि त्या टेकडीची किंमत एकेका तुकडीने मोजावयाची असते.

१० जुलै १९४४ रोजी घाडगे यांच्या कंपनीने शत्रूच्या एका बळकट ठाण्यावर हल्ला केला. जवळून सुरू झालेल्या यंत्रबंदुकीच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील प्रत्येक माणूस ठार अथवा जखमी झाला. एकटे नाईक उरले. त्यांनी यंत्रबंदुकीच्या जागेवर धाव घेतली, हातबाँब फेकून ती बंदूक व ती चालविणारा निकामी केला, आणखी एकास गोळी घातली, आणि आपल्या बंदुकीत नवी गोळ्यांची पेटी भरण्यास अवसर न राहिल्यामुळे ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. त्यानंतर शत्रूच्या निशाणबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या आणि त्यांनी जिंकलेल्या जागेतच त्यांचा अंत झाला. वयाची तेवीस वर्षे पुरी होण्यास चार महिने उरले होते. २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्यांची समाधी ज्ञात नाही; त्यांचे नाव कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. ज्यांच्या समाधीची जागा माहीत नाही अशा चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावे त्या स्मारकावर आहेत.

३

या वृत्तांताचे वाचन बहुधा शौर्यकथा म्हणून होते, आणि ते योग्यच आहे. परंतु साधनांच्या अभ्यासकाने त्यातील एक वाक्य पुन्हा वाचले पाहिजे : तुकडीतील प्रत्येक माणूस ठार अथवा जखमी झाला. या वाक्यात घाडगे यांचे नाव आहे, इतरांची नावे नाहीत. तेही त्याच टेकडीवर, त्याच सकाळी नव्हे तर त्याच क्षणी होते. परंतु सन्मानपत्राची रचनाच अशी असते की एका माणसाचे कृत्य उठून दिसावे म्हणून इतरांचे मरण पार्श्वभूमी बनते.

हा दोष एकट्या सन्मानपत्राचा नाही. युद्धकाळात निर्माण होणाऱ्या कागदपत्रांचे तीन मुख्य प्रकार घेतले तर प्रत्येकाचा नावाशी असलेला संबंध निराळा आढळतो. पहिला प्रकार पलटणीच्या युद्धरोजनिशीचा. तीत दिवसाच्या हालचाली, ठिकाणे व वेळा काटेकोर असतात. अधिकारी जखमी झाला वा पडला तर त्याचे नाव लिहिले जाते. शिपाई, नाईक, हवालदार यांची मात्र ‘इतर दर्जाची माणसे’ या सदराखाली केवळ संख्या दिली जाते. दुसरा प्रकार सन्मानपत्राचा. तेथे नाव असते, पण ते एका घटनेपुरते. तिसरा प्रकार युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीचा. तीत क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, आणि माहिती उपलब्ध असल्यास वय, पित्याचे वा पत्नीचे नाव, गाव व जिल्हा असे तपशील दिलेले असतात. तो माणूस कसा पडला हे मात्र तीत नसते.

यावरून पद्धती स्पष्ट होते. रोजनिशी स्थळ व संख्या देते, सन्मानपत्र घटना देते, नोंदवही नाव व गाव देते. या तिहींना सांधणारे दुवे म्हणजे पलटण आणि तारीख. तिसऱ्या पलटणीतील ज्या सैनिकांच्या मृत्यूची तारीख १० जुलै १९४४ अशी नोंदलेली आहे, त्यांची यादी करून ती त्या दिवसाच्या रोजनिशीशी ताडून पाहिली, तर घाडगे यांच्या तुकडीतील मृतांच्या नावांजवळ जाता येते. एकाचे नाव इतिहासात राहिले ते त्याच्या पराक्रमामुळे. इतरांची नावे परत मिळू शकतात ती एका तारखेमुळे.

येथे दोन महायुद्धांतील फरकही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाचे मूलतत्त्व असे होते की, हुद्दा, वंश वा धर्म यांचा भेद न करता प्रत्येक मृताचे स्मरण नावाने व्हावे. इटलीत, दुसऱ्या युद्धानंतर, हे तत्त्व हिंदुस्थानी शिपायापर्यंत पोहोचलेले दिसते. मेसोपोटेमियात ते पोहोचले नव्हते. १९२९ मध्ये उभारलेल्या बसरा स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि हिंदुस्थानी शिपायांची पलटणवार केवळ संख्या दिली गेली. म्हणजे एकाच पलटणीतील दोन पिढ्या घेतल्या, तर १९१६ मध्ये मेसोपोटेमियात पडलेला शिपाई स्मारकावर आकडा आहे आणि १९४४ मध्ये टायबरकाठी पडलेला नाईक स्मारकावर नाव आहे. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० व कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे स्मरण नावाने झाले नाही वा मुळीच झाले नाही, असे त्यात मान्य करण्यात आले. हे मृत बहुतांशी आफ्रिकी, हिंदुस्थानी व मध्यपूर्वेतील होते.

पहिल्या युद्धानंतर महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत ज्या दगडी पाट्या बसविण्यात आल्या, त्यांची भाषाही अशीच आहे. या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली, त्यांपैकी इतकी कामी आली, एवढाच मजकूर. चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीतील अशा पाटीसमोरून जाणाऱ्या गावकऱ्यास तो आकडा पुरेसा होता, कारण नावे त्याला ठाऊक होती. दोन पिढ्यांनंतर पाटी राहिली आणि नावे माहीत असणारी माणसे गेली.

४

ज्यांची नावे नोंदवहीत आहेत त्यांचाही शोध सुकर आहे असे नाही. आणि येथे इतिहासकाराला भाषाशास्त्राचे साहाय्य घ्यावे लागते. शिपायाने आपले नाव मराठीत उच्चारले, कारकुनाने ते ऐकले आणि रोमन लिपीत लिहिले. आजचा वाचक ते रोमन लिपीतून पुन्हा मराठीत आणतो. या तिन्ही पायऱ्यांवर काही तरी गळते.

‘घाडगे’ हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरातील दीर्घ स्वर दाखविला जात नाही; परत वाचताना ‘घडगे’ हा पाठही तितकाच संभवतो. ‘यशवंत’ मधील पहिला स्वर त्या काळच्या लेखनात एकाराने दाखविण्याची रीत होती, त्यामुळे आजच्या रूढ लेखनाने शोध घेणाऱ्यास तो नाईक सापडतही नाही. रेजिमेंटच्या नावातील ‘मराठा’ हा शब्दसुद्धा तेव्हा इंग्रजीत एक हकार अधिक घालून लिहीत. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्याविषयी ही स्थिती, तर ज्याचे नाव एकदाच एका यादीत आले त्या शिपायाविषयी काय सांगावे ?

वऱ्हाडच्या बाबतीत ही अडचण अधिक बिकट होते. रोमन लिपीत ‘द’ आणि ‘ड’ यांस एकच अक्षर असल्यामुळे ‘बडनेरा’ हे ‘बदनेरा’ असे वाचले जाते. मराठीत गाव विचारले असता माणूस मूळ नाम क्वचितच सांगतो. ‘बडनेऱ्याचा’ असे सामान्यरूपातील उत्तर येते. मराठी न जाणणाऱ्या कारकुनाने त्यातून मूळ नाम कोणते काढावे, हे त्याच्या कानावर अवलंबून राहते. अमरावतीचे सरकारी इंग्रजी लेखन ‘अमराओती’ या उच्चारास जवळचे होते आणि वऱ्हाडास ‘बेरार’ म्हणत. सर्वांत फसवे उदाहरण अकोल्याचे. अहमदनगर जिल्ह्यातील ‘अकोले’ हा तालुका जुन्या सरकारी लेखनात ‘अकोला’ असाच लिहिला जाई; आणि तो प्रदेश मराठा पलटणींच्या जुन्या भरतीक्षेत्रात मोडत होता. तेव्हा एखाद्या शिपायाच्या नावापुढे केवळ ‘अकोला’ असे दिसले तर तो वऱ्हाडी आहे असा निष्कर्ष तडकाफडकी काढणे धोक्याचे होय. कारंजे हे नावही असेच अनेक ठिकाणी आढळते : एक लाडांचे कारंजे वऱ्हाडात, दुसरे वर्धा जिल्ह्यात. जिल्हा, तालुका, पित्याचे नाव आणि पलटण या चारांपैकी निदान तीन जुळल्यावाचून ओळख पक्की मानू नये.

एका चुकीच्या वाचनाचा परिणाम केवळ विद्वत्तेपुरता राहत नाही. नगर जिल्ह्यातील मृताची नोंद वऱ्हाडातील गावाच्या खात्यावर गेली तर एका गावाला खोटा हुतात्मा मिळतो आणि दुसऱ्या गावातील खरा हुतात्मा नाहीसा होतो. लेखनातील एक स्वर चुकल्याने माणूस दुसऱ्यांदा बेपत्ता होऊ शकतो.

५

इटलीच्या मोहिमेत चौथ्या, आठव्या व दहाव्या या तीन हिंदुस्थानी डिव्हिजनांचे पन्नास हजारांहून अधिक सैनिक लढले. त्यांपैकी ५,७८२ मृत्यू पावले. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदुस्थानी सैनिकांना मिळाले, आणि त्यांत घाडगे यांच्याखेरीज पहिल्या मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव हे आणखी एक मराठी नाव आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी जखमी सहकाऱ्यांना पाण्यातून व सुरुंगांतून बाहेर काढून त्यांनी शत्रूची यंत्रबंदुकांची ठाणी मोडली. ते जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत जगले. सन्मान पावलेल्या दोघांपैकी एकाचा देह परदेशात हरवला आणि दुसरा आपल्या मुलखात परत आला. पदकाचा आणि प्रारब्धाचा हिशेब एक नसतो.

घाडगे यांची पलटणही पुढे बदलली. फाळणीच्या सुमारास ती छत्रीधारी झाली, १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण बनली, आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशातील टांगाइल येथे आकाशातून उतरली. माणगाव येथे घाडगे यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील पेरुजिया प्रांतात, ज्या मुलखात ते पडले त्याच वरच्या टायबर खोऱ्यातील मोंतोने या गावी, त्यांच्या नावाचे सूर्यघटिकेच्या आकाराचे स्मारक उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्यावर आहे. परक्या देशातील एका लहानशा गावाने एका कोकणी नाइकाचे नाव दगडावर घातले, कारण ते नाव त्यांना लिखित रूपात मिळाले होते.

वऱ्हाडच्या अभ्यासकापुढील काम यापुढचे आहे. वऱ्हाडी शिपाई एका विशिष्ट रेजिमेंटच्या इतिहासात एकत्र सापडणार नाही. महार रेजिमेंट, रसदेची व वाहतुकीची दले, कामगार तुकड्या अशा निरनिराळ्या ठिकाणी तो विखुरलेला आहे, आणि म्हणून त्याचा शोध पलटणीकडून गावाकडे न घेता गावाकडून पलटणीकडे घ्यावा लागतो. एका विद्यार्थ्याने बडनेरा आणि त्याच्या भोवतालची दहा-बारा गावे घ्यावीत. पाट्या असल्यास त्यांचे ठसे घ्यावेत. घरोघरीची पदके पाहावीत, कारण पहिल्या युद्धातील पदकांच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरण्याची पद्धत होती. निवृत्तिवेतनाची जीर्ण पुस्तके उतरून घ्यावीत. आणि वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यातील नावे त्यांच्या उच्चारासह जशीच्या तशी टिपून ठेवावीत. उच्चार टिपण्याचा आग्रह यासाठी की, रोमन लिपीतील संदिग्ध नावाचा निर्णय अखेर त्या उच्चारावरच होतो. अशा रीतीने तयार झालेली यादी नोंदवहीशी ताडली म्हणजे काही नावे जुळतील, काही जुळणार नाहीत. जी जुळतील, त्यांच्यापुरता तरी गावाच्या पाटीवरील आकडा एकाने कमी होईल आणि त्या जागी एक माणूस येईल.